अंगणातले शेजारी : बरूच्या नळीतला पाहुणा

आमच्या जुन्या घरात कोनाडा होता. त्यात अब्बू बरूच्या काड्यांची जुडी आडवी ठेवत. शाळेत उर्दू शिकवताना खुशखतासाठी त्यांनी आयुष्यभर बरूचाच कलम वापरला. शेजारच्या मराठी शाळेतले गुरुजी त्यालाच बोरू म्हणत. काडी लागेल तशी जुडीतून काढायची, चाकूने तासायची, टोकाला तिरका कत द्यायचा. बाकीच्या काड्या कोनाड्यात पडून असत.

मी सहावीत असेन. दिवाळीच्या सुट्टीत कोनाडा आवरायला घेतला, तर चार काड्यांची तोंडं हिरव्या टिकल्यांनी बंद केलेली दिसली. नीट पाहिलं तर त्या पानाच्या गोल चकत्या होत्या, एकावर एक दाबून बसवलेल्या. मला वाटलं धाकट्या भावाचा उद्योग. काडीने उकरायला लागले तेवढ्यात अब्बू म्हणाले, "राहू दे. आत कुणाचं तरी घर झालंय." त्या चार काड्यांना त्यांनी पुढे कलमासाठी हात लावला नाही. दीडएक महिन्याने एका सकाळी अम्मीने हाक मारली. एका काडीच्या टोकाला भोक पडलं होतं आणि त्यातून एक तपकिरी केसाळ माशी बाहेर येऊन उन्हात पंख सारखे करत होती.

तिचं नाव मला पुढे बीएडच्या वर्षात कळलं. इंग्रजीत तिला पान कापणारी माशी म्हणतात, शास्त्रीय नाव मेगाकाइली. मराठीत आपण तिला पानकापी म्हणू. ज्या भगिनींच्या कुंडीत गुलाब आहे त्यांनी तिचं काम नक्की पाहिलेलं असणार. पानाच्या कडेला कात्रीने कापावा तसा स्वच्छ अर्धगोल कापलेला असतो. अळीने खाल्लेलं पान असं दिसत नाही, ते कुरतडलेलं, ओबडधोबड असतं. अर्धगोल दिसला की औषधाची बाटली काढायची गरज नाही. ती पान खात नाही, फक्त घरासाठी कापड नेते. दहा-वीस पानांनी गुलाबाचं काही बिघडत नाही. बोगनवेल असेल तर तिच्या गुलाबी पाकळ्यांचेही तुकडे नेते, आणि मग नळीचं दार गुलाबी दिसतं.

ही माशी पोळं करत नाही, मध साठवत नाही, तिला राणी नाही की फौज नाही. प्रत्येक मादी आपलं घर एकटी करते. एखादी तयार पोकळी शोधते, तिच्यात पानाची डबी करते, डबीत पराग आणि मकरंदाचा ओलसर लगदा भरते, त्यावर एक अंडं घालते आणि डबी बंद करते. मग त्याच नळीत पुढची डबी. पाच-सहा, कधी अधिक. शेवटी तोंड बंद करून निघून जाते, परत येत नाही. तिच्या बहिणींपैकी काही पानाऐवजी माती लिंपतात, काही झाडाची चिकट राळ वापरतात. थंड देशांत जिला गवंडी माशी म्हणतात ती ऑस्मिया याच कुळातली. ती आपल्या बुलढाणा जिल्ह्यात नाही, पण घर करण्याची पद्धत तीच. कुलपाचं भोक, खिडकीच्या चौकटीतलं खिळ्याचं छिद्र, जुन्या जाड पुस्तकाच्या पाठीतली पोकळी, प्लगचं भोक, यांना काही चालतं.

कुरआनच्या सोळाव्या सूरहचं नाव नहल, म्हणजे मधमाशी. तिच्या घरांचा उल्लेख तिथे येतो त्यात डोंगर आहेत, झाडं आहेत आणि माणसांनी उभारलेल्या जागाही आहेत. वर्गात हे सांगितलं की मुलांना तिसरी जागा सगळ्यात जास्त आवडते. लगेच कुणाच्या घरच्या स्वीचबोर्डाची गोष्ट निघते.

आता माझी चूक सांगते. हा लेख तिच्यासाठीच लिहायला घेतला आहे.

२०१७ साली शाळेत हरित सेनेचं काम माझ्याकडे होतं. कुणाच्या तरी मोबाइलवर परदेशातल्या बागेतल्या माशांच्या घराचं चित्र आलं. सुंदर रंगवलेली पेटी, आत नळ्याच नळ्या. मुलांनी हट्ट धरला आणि मीही धरला. रसवंतीच्या दुकानातून प्लास्टिकच्या स्ट्रॉ आणल्या, दोनशेच्या आसपास. प्लायवुडच्या खोक्याला निळा ऑइलपेंट दिला. स्ट्रॉची मागची बाजू उघडी राहते म्हणून मुलांनी ती गोंदाने बंद केली. खोकं शाळेच्या कडुनिंबाला दोरीने टांगलं. शाळेमागच्या शेतात तूर फुलावर आली होती. महिन्याभरात चाळीस नळ्यांची दारं हिरवी झाली. मुलं रोज मोजत. विज्ञान प्रदर्शनात आम्ही त्याचा तक्ता लावला, बक्षीसही मिळालं.

मग वाट पाहिली. डिसेंबर गेला, जानेवारी गेला, कुणी बाहेर आलं नाही. फेब्रुवारीत मी मुलांसमोर ब्लेडने एक स्ट्रॉ उभी चिरली. आत काळी बुरशी होती. पराग सडून चिखल झाला होता आणि अळ्या त्यातच मरून चिकटल्या होत्या. दुसरी चिरली, तिसरी चिरली. सगळीकडे तेच. सातवीतल्या एका मुलाने विचारलं, "बाजी, हे आपण मारले का?" मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

नंतर शोधलं तेव्हा कारण कळलं, आणि ते इतकं साधं होतं की स्वतःचा राग आला. माशी डबीत जो लगदा ठेवते तो ओला असतो. अळी खाते, श्वास घेते, तिच्या अंगातूनही वाफ निघते. बरूची किंवा बांबूची भिंत ती ओल शोषून हळूहळू बाहेर सोडते. प्लास्टिक काहीच शोषत नाही. दिवसा तापतं, रात्री गार होतं, आतल्या भिंतीवर दव धरतं, जसं पोळ्यांच्या बंद स्टीलच्या डब्याच्या झाकणाला घाम येतो तसं. म्हणून तर आपण गरम पोळ्यांखाली कापड घालतो. काचेच्या नळीचंही तेच होतं. पुढच्याच वर्षी, २०१८ मध्ये, महाराष्ट्रात प्लास्टिकच्या स्ट्रॉवर बंदी आली, २०२२ च्या १ जुलैपासून ती देशभर झाली. पण बाजारात रंगीत ॲक्रिलिकच्या नळ्यांची, व्हार्निश लावलेली 'माशांची घरं' अजून मिळतात. घर दिलं नसतं तर त्या माद्यांनी आपापली भोकं कुठेतरी शोधली असती. आम्ही बोलावून त्यांना वाईट घर दिलं.

तुम्ही म्हणाल, एवढा खटाटोप कशासाठी? आमच्या भागासाठी तरी उत्तर सोपं आहे. तूर. तुरीचं फूल मिटलेल्या डबीसारखं असतं. खालच्या पाकळीवर जरा वजनदार माशी बसली की ती पाकळी दबते, आतले परागकोश वर येतात आणि माशीच्या पोटाला लागतात. पानकापी पराग पायांवर नेत नाही, पोटाखालच्या दाट केसांत नेते. पोटाखाली पिवळं गालिच्यासारखं काही घेऊन उडणारी माशी दिसली तर तीच. तुरीवर तिच्या काही जाती हमखास दिसतात, मेगाकाइली लॅनाटा ही त्यातली नेहमीची, आणि सोबत काळा भुंगा. तूर माशीवाचून अगदीच वांझ राहते असं नाही, तिचं बरंचसं फलन फुलातल्या फुलात होतं. पण माशी फिरली की शेंगा जास्त धरतात, आणि एका झाडाचा पराग दुसऱ्या झाडावर जातो तो याच माश्यांमुळे. हैदराबादजवळच्या पाटनचेरूच्या 'इक्रिसॅट' संस्थेत तुरीचं पहिलं संकरित वाण तयार झालं, १९९१ साली ते प्रसारित झालं. त्याच्या बियाण्यासाठी नर फुलाचा पराग मादी ओळीपर्यंत नेणारे मजूर हेच होते, पंख असलेले, बिनपगारी.

मजूर म्हटलं की देऊळगावच्या वाचकांना शेडनेट आठवणार. आमच्या तालुक्यात आणि जालन्याकडे मिरची, टोमॅटो, काकडीच्या बियाण्याचे प्लॉट आहेत. तिथे बाया हातात चिमटा घेऊन एकेका फुलाचं क्रॉसिंग करतात. आमच्या वर्गातल्या निम्म्या मुलींच्या आया या कामाला जातात. जाळीच्या आत माशी नको असते, कारण ती नको त्या झाडाचा पराग आणते. जाळीबाहेर तुरीच्या रानात तीच हवी असते. हे मुलींना मला वेगळं समजावून सांगावं लागलं नाही, त्या आईकडून ऐकून आल्या होत्या.

आता घर कशाचं करायचं ते. मी चुकल्यावर पाच-सहा वर्षं जे केलं त्यातून सांगते.

सगळ्यात चांगली वस्तू आमच्या घरात आधीपासून होती, बरू. ज्यांच्या घरी खुशखतासाठी कलम आणला जातो त्यांनी तासून उरलेले तुकडे फेकू नयेत. बरू नसेल तर बांबू. बुरूड आळीत सूप, टोपल्या विणताना बारीक बांबूची टोकं उरतात, ती जळणात जातात. आमच्या ओळखीच्या एका बुरूडकाकांनी मला पिशवीभर दिली, पैसे घेतले नाहीत. मात्र एक गोष्ट विचारून घ्या. बांबूला पोरकिडा लागू नये म्हणून काहीजण औषध किंवा डिझेल चोळतात. वास घेऊन पाहा. रॉकेल, डिझेल, औषध, कसलाही वास आला तर तो बांबू घेऊ नका. मंडपवाल्याचे जुने, रंगवलेले बांबूही नकोत. बुरूडकाका म्हणाले, त्यांचे वडील बांबू ओढ्याच्या पाण्यात बुडवून ठेवत आणि मग सावलीत वाळवत, तसा मिळाला तर उत्तम.

माप घरातल्याच वस्तूने घ्या. साधी शिसपेन्सिल नळीत सैलसर गेली पाहिजे. पेन्सिलची जाडी सात मिलीमीटरच्या जवळपास असते, आणि सहा ते दहा मिलीमीटरची पोकळी या माशांना मानवते. सगळ्या नळ्या एकाच मापाच्या नकोत, थोड्या बारीक, थोड्या जाड असू द्या, म्हणजे वेगवेगळ्या जाती येतात. लांबी कंपासपेटीतल्या लहान पट्टीइतकी, पंधरा सेंटिमीटर. लांबीचं महत्त्व मला फार उशिरा कळलं. मादी नळीच्या तळाशी आधी मुलींची अंडी घालते, तोंडाशी शेवटी मुलग्यांची, कारण मुलगे आधी बाहेर पडतात. कोणतं अंडं मुलीचं आणि कोणतं मुलाचं हे तीच ठरवते. नळी आखूड किंवा अरुंद असली की मुलगेच जास्त होतात, आणि पुढच्या वर्षी घर करायला माद्याच उरत नाहीत. आमच्या स्ट्रॉ पेन्सिलपेक्षा बारीक होत्या. म्हणजे बुरशी लागली नसती तरी तो हिशेब चुकलेलाच होता.

बांबू कापताना एका टोकाला पेर ठेवायचं, ती मागची भिंत. दोन्ही टोकं उघडी असली तर बहुतेक माश्या येत नाहीत आणि मुंग्या नक्की येतात. कापायला हॅक्सॉचं बारीक दातांचं पान घ्या, कोयत्याने तोडला तर चिरफळ्या निघतात. मग तोंड सँडपेपरने घासा, आतली साल निघाली असेल तर गुंडाळलेला सँडपेपर आत फिरवा. माशी मागे सरकत नळीतून बाहेर येते. एखादं कुसळ राहिलं तर तिचे पंख फाटतात. हे काम लहान मुलांना आवडतं. माझ्या धाकट्या मुलीने एका रमजानमध्ये असर ते मगरिबच्या वेळात तीस नळ्या घासल्या. इफ्तारपर्यंतचा वेळ त्यात बरा गेला.

कागदाची नळीही चालते. वहीला कव्हर घालतो तो खाकी कागद पेन्सिलीभोवती तीन-चार वेढे गुंडाळायचा, कडेला गव्हाच्या पिठाची खळ लावायची, मागचं टोक दुमडून बंद करायचं आणि पेन्सिल काढून घ्यायची. चकचकीत कॅलेंडरचा कागद नको, तो प्लास्टिकसारखाच ओल धरतो. वर्तमानपत्राचा एकच वेढाही नको, कारण काही परोपजीवी गांधीलमाश्या पातळ भिंतीतून आपली सुई आत घालून अळीवर अंडं घालतात. आणि उर्दू पेपर वापरणार असाल तर पान आधी वाचून घ्या, ज्यावर अल्लाहचं नाव किंवा आयत छापलेली आहे ते बाजूला ठेवा. आमच्या घरी या कारणानेच खाकी कागद पक्का झाला.

लाकडाच्या ठोकळ्यात भोकं पाडणारेही बरेच आहेत. सुताराकडून वाळलेल्या लाकडाचा तुकडा आणा, ड्रिलला नवं धारदार बिट लावा आणि भोक आरपार जाऊ देऊ नका. भोक लाकडाच्या बाजूने पाडावं. कापलेल्या तोंडातून पाडलं तर उन्हाळ्यात ते तडकतं आणि चिरेतून ओल आत जाते. जुन्या घराच्या चौकटीचं लाकूड वापरायचा मोह होतो, पण त्याला वाळवीचं औषध मारलेलं असतं. पॅकिंगच्या फळ्या घ्यायच्या असतील तर त्यावरचा शिक्का पाहा. एचटी म्हणजे लाकूड नुसतं तापवलेलं, एमबी म्हणजे मिथिल ब्रोमाइडच्या धुरीत ठेवलेलं. एमबीची फळी घरात शेगडीतही घालू नये. प्लायवुडचा डिंक, ऑइलपेंट, व्हार्निश, टर्पेंटाइन हे सगळं वर्ज्य. खरं सांगायचं तर मला ठोकळे फारसे आवडत नाहीत. ते उघडून साफ करता येत नाहीत, आणि साफ करण्याबद्दल पुढे बोलायचंच आहे.

या नळ्या ठेवायच्या कशात? पत्र्याचा डबा सगळ्यांच्या घरात असतो, पण आमच्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीच्या बराच पुढे जातो आणि डब्यात अळ्या भाजून निघतात. मी कुंभाराकडून तडा गेलेला लहान माठ घेते, पाणी धरत नाही म्हणून तो स्वस्तात देतो. माठ आडवा ठेवायचा, तोंडातून नळ्या गच्च भरायच्या, म्हणजे हलणार नाहीत. माती गार राहते, ओल धरत नाही. वरून एक कौल पाऊस अडवतं. सुरईचा फुटका गळाही चालतो. नळ्या वीस-तीसच असाव्यात. दोनशे नळ्यांची हवेली केली की रोग, माइट्स नावाचे बारीक किडे आणि परोपजीवी यांना एकाच जागी मेजवानी मिळते. चार ठिकाणी चार लहान घरं बरी.

तोंड पूर्वेला करा. सकाळचं ऊन लागलं की माशी लवकर कामाला लागते. दुपारचं मात्र लागू नये. छपराखाली, छातीच्या उंचीवर, भिंतीला पक्कं बसवा. झाडाला टांगून झोके घेणारं घर त्यांना नको असतं. मुंग्यांसाठी माठ ठेवाल त्या लोखंडी कंसाला ग्रीस लावा. मुंग्यांची पावडर जवळपासही नको. आणि जवळ कुठेतरी थोडा ओला चिखल असू द्या, वजूचं किंवा भांड्यांचं पाणी जिथे जातं तिथे चालेल. मातीने लिंपणाऱ्या जाती तिथूनच गारा नेतात.

भीतीबद्दल दोन शब्द, कारण अम्म्या हेच आधी विचारतात. आग्या मोहोळ आणि ही माशी यांची तुलना करू नका. हिला राखायला पोळं नाही, म्हणून ती अंगावर येत नाही. नराला नांगीच नसते. मादी मुठीत दाबली तर चावते, तीही हलकेच. तरी ज्या मुलाला मधमाशी चावल्यावर अंग सुजण्याचा किंवा धाप लागण्याचा त्रास झाला आहे त्याला लांबच ठेवा. भिंतीवर मातीचे घट्टे करणारी कुंभारीण वेगळी, ती गांधीलमाशीच्या जातीची. तिच्या मातीच्या डबीत कोळी किंवा अळ्या भरलेल्या असतात, पानकापीच्या डबीत पिवळा पराग. कधी कधी कुंभारणीची बहीण आपल्या नळीतही राहायला येते. येऊ द्या, ती बागेतल्या अळ्या कमी करते. काळा भुंगा मात्र लाकूड स्वतः पोखरतो. तो वाशाला लागला असेल तर बाहेर एक वाळका, जाड ओंडका ठेवून पाहा. आमच्या शेजारच्या काकूंकडे तो ओंडक्यात गेला, आमच्याकडे गेला नाही, वाशातच राहिला. वासा अजून उभा आहे.

साफसफाईचा भाग बहुतेक लोक सोडून देतात आणि तिसऱ्या वर्षी माश्या आल्या नाहीत म्हणून तक्रार करतात. वापरलेल्या नळीत माइट्स, बुरशी आणि विष्ठा राहते. त्याच नळीत दुसरी मादी आली की सगळं नव्या अळ्यांना मिळतं. अमेरिका आणि कॅनडात लसूणघासाच्या बियाण्यासाठी पानकापीची एक जात मोठ्या प्रमाणावर पाळतात. तिथे थर्मोकोलचे किंवा लाकडाचे भोकं असलेले फळे वापरतात, पण ते दरवर्षी उघडून डब्या काढून घेतात आणि फळे निर्जंतुक करतात. तरीही बुरशीच्या रोगाने अळ्या खडूसारख्या होऊन मरण्याचा त्रास त्यांना आहेच. जपानात सफरचंदाच्या बागांतले शेतकरी ऑस्मियासाठी वेताच्या, बोरूसारख्या नळ्यांच्या जुड्या ठेवत आले आहेत. थंड देशांतल्या माहितीत कोश हिवाळाभर फ्रिजमध्ये ठेवायला सांगतात. तो सल्ला आपल्यासाठी नाही, आपल्याकडच्या माश्यांना तेवढी झोप नसते आणि आपल्या फ्रिजमध्ये जागाही नसते.

मी असं करते. भरलेल्या नळ्या पुठ्ठ्याच्या बुटाच्या खोक्यात ठेवते, खोकं बंद करून एका बाजूला पेन्सिलीएवढं भोक पाडते आणि ते माठाशेजारी सावलीत ठेवते. बाहेर पडणारी माशी उजेडाकडे जाते, भोकातून निघते. अंधाऱ्या खोक्यात घर करायला पुन्हा सहसा जात नाही. माठात तोवर नव्या नळ्या भरलेल्या असतात. खोक्यातल्या सगळ्या नळ्यांची दारं फुटली, किंवा वर्ष उलटलं, की जुन्या नळ्या चुलीत. बरू आणि बांबू फुकटात मिळतो म्हणूनच हे परवडतं. दोनशे रुपयांचं रंगीत घर दरवर्षी कोण जाळेल?

हा अंक हाती येईल तेव्हा तुरी कमरेला लागलेल्या असतील. दसऱ्याच्या आत घर लागलं पाहिजे, कारण नंतर फूल सुरू होतं. अडचण अशी की फुलावरच घाटेअळी येते आणि फवारणीही तेव्हाच होते. आमची स्ट्रॉ-पेटी झाली त्याच २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले. जे औषध माणसाला झेपत नाही ते माशीला काय झेपणार? शेतीवाल्या भावांना एवढंच सांगेन की कळी लागताना निंबोळी अर्क, रानात कामगंध सापळे आणि पक्ष्यांना बसायला थांबे करून पाहा. रासायनिक औषध मारावंच लागलं तर तोंड-हात झाकून, संध्याकाळी, माश्या घरी गेल्यावर. आणि माशांचं घर बांधावर लावू नका, घराच्या अंगणात लावा. तिथून ती शेजारच्या रानात जाते.

तो विचारणारा मुलगा आता मोठा झाला आहे, जालन्याला कामाला आहे. गेल्या ईदला भेटायला आला तेव्हा आधी माठाकडे गेला. त्या दिवशी एकोणीस नळ्यांपैकी अकरा बंद होत्या, आठ पानांनी, दोन मातीने, एक गुलाबी. त्याने खोक्यातली एक जुनी नळी मागितली, दार फुटलेली. मी चिरून दाखवली. आत पानांच्या रिकाम्या डब्या एकात एक बसलेल्या होत्या, कोरड्या, वाळलेल्या चहापत्तीच्या वासाच्या. बुरशी नव्हती. त्याने ती रुमालात गुंडाळून नेली.